"साहेब, गाडी निघाली!" : धंद्यात खोटं बोलावंच लागतं का?



मागे तळोजा एमआयडीसीत आपली एक छोटी बॅच झाली. वीसेक जण होते. कुणाचं फॅब्रिकेशन, कुणाचं पॅकिंग मटेरियल, दोघी ताई मसाल्याच्या धंद्यातल्या. दुपारच्या चहानंतर कॉस्टिंगचा विषय चालू होता आणि मागच्या रांगेतल्या एका मुलाचा फोन वाजला. पावडर कोटिंगचं जॉबवर्क करतो. भाड्याचा गाळा, एक ओव्हन, चार माणसं. फोन उचलून तो हळूच म्हणाला, "हो साहेब, गाडी निघाली. कळंबोलीच्या पुढे गेली असेल."

फोन ठेवला आणि सगळा वर्ग हसला. कारण हे वाक्य तिथल्या प्रत्येकाने कधी ना कधी वापरलेलं होतं.

मी विचारलं, "माल कुठे आहे?"

"सर, अजून ओव्हनमध्येही गेला नाही. फॉस्फेटिंग चाललंय."

पुन्हा हसू. मग तो एकदम गंभीर झाला. "सर, खरं सांगा. खोटं न बोलता धंदा होतो का? पुस्तकातलं नको. खरं."

मी जे ट्रेनर लोक सांगतात तेच सांगायला लागलो. विश्वास, ब्रँड, लाँग टर्म वगैरे. त्याने मध्येच विचारलं, "सर, तुम्ही कधीच बोलला नाहीत का?"

तिथे मी अडकलो. त्या दिवशी वेळ संपल्याचं निमित्त करून विषय बदलला. आज उत्तर देतो.

आधी माझा हिशोब

ट्रेनिंगच्या आधी माझं छोटं वर्कशॉप होतं, हे तुम्ही व्हिडिओमध्ये ऐकलंय. ते का बंद झालं याची अनेक कारणं मी सांगतो. एक कारण कधी सांगितलं नाही.

एका ग्राहकाला पाइप स्पूल करून द्यायचे होते. वेल्डिंग झालं की हायड्रो टेस्ट. म्हणजे पाइपात पाणी भरायचं, ठरलेल्या दाबाला न्यायचं आणि ३० मिनिटं तो दाब उतरतो का बघायचं. महिनाअखेर होती, टेम्पो दारात उभा होता. मी माझ्या मुलाला, म्हणजे कामावरच्या पोराला, सांगितलं, "दहा मिनिटं बघ आणि तीस लिही. काही होत नाही."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग लिहिलं. खाली सही त्याची.

साइटवर ट्रायलच्या वेळी एक जॉइंट पाझरला. नशीब, आत साधं पाणी होतं. कुणाला काही झालं नाही. ग्राहक गेला, पैसे अडकले, ते सोडा. मला आजही टोचतं ते दुसरंच. दोन-तीन महिन्यांनी तोच पोरगा मला म्हणाला, "शेठ, ग्राइंडिंग व्हील संपली." मी जाऊन पाहिलं तर कोपऱ्यात अख्खं पाकीट पडलेलं. विकायचं ठरवलं होतं त्याने. मी ओरडलो. तो फक्त एवढंच म्हणाला, "तुम्हीच शिकवलं ना, लिहायचं काय ते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालक ग्राहकाशी खोटं बोलतो तेव्हा त्याला वाटतं, हे खोटं बाहेर चाललंय. पण ते ऐकायला कामगार तिथेच उभा असतो.

मग खोटं कधीच चालत नाही?

नाही, मी तसंही म्हणत नाही. कारण ते खरं नाही.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, ते १९१५ मध्ये छापून आलं. त्यातलं 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण वाचा. खरं बोलणं हा धर्म आहे, पण त्याला अपवाद आहेत का, याची तिथे सविस्तर चर्चा आहे. त्यात महाभारतातली कौशिकाची गोष्ट येते. ही गोष्ट कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो.

कौशिक नावाचा एक ब्राह्मण. कायम खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. एकदा काही माणसं जीव वाचवायला त्याच्या जवळच्या रानात लपली. मागून लुटारू आले. "इकडून माणसं गेली का?" कौशिकाने खरं सांगितलं. माणसं मारली गेली. आणि गोष्टीत कौशिक स्वर्गात जात नाही, नरकात जातो.

आता तिकडे जर्मनीत कांट नावाचा मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने १७९७ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. खुनी दारात उभा आहे, तुमचा मित्र घरात लपलाय, काय सांगाल? कांटचं म्हणणं, तरीही खोटं बोलू नका. म्हणजे कांटच्या हिशोबात कौशिक बरोबर, महाभारताच्या हिशोबात चूक.

मी स्वतः महाभारताच्या बाजूने आहे. पण इथे एक गोष्ट नीट बघा. कौशिकाने खोटं बोलायला हवं होतं, ते का? एक, लुटारूंना त्या उत्तराचा हक्कच नव्हता. दोन, उत्तराने दुसऱ्याचा जीव जाणार होता. तीन, कौशिकाला स्वतःला त्या खोट्यातून एक पैसाही मिळणार नव्हता.

या तिन्ही गोष्टी तुमच्या "गाडी निघाली"ला लावून बघा. ग्राहकाला त्याचा माल कुठे आहे हे विचारायचा हक्क आहे की नाही? आहे. खरं सांगितल्याने कुणाचा जीव जाणार आहे? नाही. फायदा कुणाचा? आपलाच.

म्हणजे "महाभारतातसुद्धा खोटं चालतं" असं म्हणून आपण कौशिकाच्या रांगेत उभं राहायचा प्रयत्न करतो, पण आपली जागा तिथे नसते. आणि मनुस्मृतीत तर जीव वाचवण्यासाठी बोललेल्या खोट्यालाही प्रायश्चित्त सांगितलंय. म्हणजे जे चालतं, तेही फुकट चालत नाही.

"पण सर, गाडी खरंच निघाली होती!"

त्या मुलाने नंतर मला हे सांगितलं. टेम्पो खरोखर निघाला होता. रिकामा. डिझेल भरायला.

याला काय म्हणायचं? शब्द खरा, ऐकणाऱ्याच्या डोक्यात उतरलेलं चित्र खोटं.

हेही आपल्याला पाठ आहे. नरो वा कुंजरो वा. द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेला असं वाटावं म्हणून धर्मराज बोलला, आणि हत्ती हा शब्द हळू आवाजात. तांत्रिकदृष्ट्या वाक्य खरं. तरी महाभारत सांगतं की त्याचा रथ, जो जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकला. युद्ध जिंकलं, पण रथ पुन्हा उचलला गेल्याचं आपण ऐकलेलं नाही.

कायदाही याकडे असंच बघतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. त्यात उघड खोटं तर आहेच, पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं हेही आहे. आणि अजून एक, जे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. पाळायचा इरादाच नसताना दिलेलं वचन, तेही फसवणुकीत येतं. तुम्ही "बुधवारी देतो" म्हणालात आणि बोलतानाच माहीत आहे की बुधवारी शक्य नाही, तर ते "उशीर झाला" या खात्यात बसत नाही. अशा फसवणुकीने झालेला करार समोरचा रद्द करू शकतो.

काय खोटं नाही, तेही समजून घ्या

काही नवीन उद्योजक उलट टोकाला जातात. त्यांना वाटतं, प्रामाणिक म्हणजे सगळं उघडं टाकायचं. तसं नाही.

गप्प राहणं आणि खोटं बोलणं वेगळं. ग्राहकाने विचारलं, "तुला पावडर कितीला पडते?" तर तुम्ही सांगायला बांधील नाही. "साहेब, ते आमच्या आतलं आहे, तुम्हाला रेट हा" असं हसून सांगा. पण कमी किमतीत पडते हे माहीत असताना खोटं बिल दाखवू नका. मसाल्याचं प्रमाण कुणाला सांगू नका, तो तुमचा जीव आहे. पण रंग घालत असाल तर "रंग नाही" असं पाकिटावर छापू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. "छोट्या माणसाला कोण विचारतं" म्हणून चालत नाही.

भावाचं काय? "ताई, शेवटचा भाव सांगते" म्हणून अजून दहा रुपये कमी करणं, याला मी मोठं पाप म्हणणार नाही. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही हा खेळ माहीत असतो. पण "माझी खरेदीच एवढ्याची आहे, देवाशपथ" हा खेळ नाही. शपथ कशाला? भाव सांगा, थांबा. समोरच्याला परवडलं तर घेईल.

नवीन माणसाचं सगळ्यात मोठं संकट म्हणजे पहिली ऑर्डर. "आधी असं काम कुठे केलंय?" उत्तर शून्य असतं. मग लोक दुसऱ्याच्या कामाचे फोटो दाखवतात. त्यापेक्षा असं सांगा: "साहेब, माझ्या नावावर हे पहिलंच आहे. मी सहा वर्षं दुसऱ्याकडे हेच काम केलंय. मला दहा नगांचा सॅम्पल लॉट द्या, रिजेक्ट झाला तर पैसे देऊ नका." दहातले सात नाही म्हणतील. जे तीन हो म्हणतील, ते तुमचे होतील.

समोरचा खोटं बोलतो, त्याचं काय?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. "सर, मोठी कंपनी आमचं पेमेंट सहा महिने लटकवते. रोज सांगतात, प्रोसेसमध्ये आहे. मग आम्हीच का हरिश्चंद्र व्हायचं?"

१९२० मध्ये गांधीजींच्या 'यंग इंडिया'त हाच वाद टिळक आणि गांधी यांच्यात झाला. टिळकांचं म्हणणं, राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नाही. जो जसा येईल त्याला तसं उत्तर. गांधीजी म्हणाले, शठाशीही सत्यानेच. दोघंही आपलेच.

मी धंद्यापुरतं बोलतो. जशास तसं वागायला खोटंच लागतं असं नाही. त्याहून चांगली हत्यारं आहेत. उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई विकास कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळालं पाहिजे. नाही दिलं तर चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आयकराच्या कलम ४३ब मधल्या बदलाने, अशी थकलेली रक्कम खर्च म्हणून दाखवताना घेणाऱ्या कंपनीलाच अडचण यायला लागली. हे एका साध्या, नम्र पत्रात लिहून पाठवा. तो खोटं बोलला म्हणून तुम्ही पुढच्या लॉटमध्ये एक कोट कमी मारलात, तर उद्या तक्रार घेऊन जायला तुमचा पाय भक्कम राहत नाही.

खोटं वाढतं

"एवढ्याशा खोट्याने काय होतं?" ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबुली दिली की कंपनीचे आकडे फुगवलेले आहेत. आकडा ७,००० कोटींच्या घरात. त्या पत्राचा सूर काय होता? सुरुवातीला फरक थोडा होता. दर तिमाहीत तो झाकायला अजून थोडा वाढवावा लागला. शेवटी वाघावर बसल्यासारखं झालं, खाली उतरावं तर तो खाणार.

२०१५ मध्ये फोक्सवॅगनचं तेच. गाडीच्या सॉफ्टवेअरला कळायचं की आता धुराची तपासणी चालू आहे, तेवढ्यापुरती गाडी शहाण्यासारखी वागायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आणि माझी तीस मिनिटांची हायड्रो टेस्ट. साइज वेगळी, पद्धत तीच. तपासणीपुरतं खरं.

आजकाल तर झाकणंही अवघड झालंय. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वर माल गेला की ई-वे बिल लागतं, त्यात गाडीचा नंबर असतो. ग्राहकाने "बिल नंबर पाठव" म्हटलं की "गाडी निघाली" तिथेच उघडं पडतं.

पण पकडले जाऊ म्हणून खरं बोला, एवढाच माझा मुद्दा असता तर हा लेख इथेच संपला असता. तळोज्याच्या माणसाला त्याच्या पुढचं कळायला हवं.

व्यवहार दोघांचा, किंमत तिसऱ्याची

ऑगस्ट २०१७ आठवतोय? तळोज्यात निळे कुत्रे दिसले होते. फोटो जगभर गेले. रंगाशी संबंधित एका कारखान्यापर्यंत माग लागला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो बंद करायला लावला. कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, कारण त्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या कोळ्यांचं पोट होतं.

कुठल्याही कारखान्याच्या रजिस्टरमध्ये आकडे लिहिता येतात. कुत्र्याच्या अंगावरचा रंग खोडता येत नाही. आणि ते कुत्रे, ते कोळी, ते कुठल्याच ऑर्डरमध्ये पार्टी नव्हते. त्यांनी कुठे सही केली नव्हती. भाव करायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

धंद्यातल्या खोट्याचा खरा तोटा मला इथे दिसतो. माझ्या हायड्रो टेस्टमध्ये पाण्याऐवजी गरम केमिकल असतं, तर भाजला असता तो साइटवरचा हेल्पर. मला तो ओळखतही नव्हता.

बोलण्याआधी तीन प्रश्न

म्हणून मी स्वतःसाठी तीन प्रश्न केलेत. तुम्हीही भिंतीवर लावा.

१. विचारणाऱ्याला या उत्तराचा हक्क आहे का? लुटारूला नाही. स्पर्धकाला नाही. ग्राहकाला, कामगाराला, बँकेला, आहे. हक्क नसेल तर आधी गप्प राहून भागतं का बघा. बहुतेक वेळा भागतं.

२. हे खोटं निघालं तर किंमत कोण मोजणार? मीच, की तिसराच कुणी?

३. उद्या याच माणसाला चहा पाजून मी "तेव्हा मी खोटं बोललो होतो" असं सांगू शकेन का? वाढदिवसाचं सरप्राइज असेल तर तोही हसेल. आजारी आईला "तू ठीक होशील" म्हटलं असेल तर तिला बहुधा आधीच माहीत असतं. पण टेस्ट सर्टिफिकेटबद्दल हे सांगता येईल?

आणि उशीर झालाय, फोन वाजतोय, तेव्हा काय बोलायचं? तीनच वाक्यं. काय झालं, कधी होईल, आत्ता काय देऊ शकतो. "साहेब, माल आज निघणार नाही, माझ्याकडून उशीर झालाय. उद्या संध्याकाळी पाचला गाडी सुटेल. तुमची लाइन थांबत असेल तर पंधरा नग आज रात्री पाठवतो." शिव्या खाव्या लागतील. खा. शिव्या पाच मिनिटांच्या असतात. समोरच्याला खरी वेळ कळली की तो त्याचं नियोजन बदलू शकतो. खोट्याने आपण त्याच्याकडून नेमकं तेच काढून घेतो.

एक खोटं घरातलं

शेवटी एक, जे मला सगळ्यात जास्त दिसतं. बाहेर अगदी सच्चा असलेला माणूस घरी म्हणतो, "सगळं मस्त चाललंय." आणि बायकोचे दागिने गहाण असतात, तिला माहीत नसतं. वडिलांच्या सहीने घेतलेल्या कर्जाचे तीन हप्ते थकलेले असतात. "त्यांना काळजी नको म्हणून" असं आपण स्वतःला सांगतो. कौशिकाची तिसरी अट आठवा, फायदा कुणाचा? बऱ्याचदा आपल्याला त्यांची काळजी वाचवायची नसते, त्यांचा चेहरा बघायचा नसतो. आज रात्री जेवण झाल्यावर आकडा सांगा. पूर्ण आकडा.

त्या मुलाचं काय झालं?

त्याच दिवशी सेशन संपल्यावर त्याने माझ्यासमोर फोन लावला. "साहेब, मघाशी चुकीचं बोललो. माल अजून माझ्याकडेच आहे." पलीकडून जे ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन कट झाला. दहा मिनिटांनी परत आला: "आज किती देशील ते सांग."

रात्री त्याने अठरा नग पाठवले.

पुढची ऑर्डर आली का? आली, पण निम्मी. बाकीची साहेबांनी दुसऱ्याला दिली. तो माझ्यावर थोडा नाराज होता आणि मी त्याला "बघ, सत्याचा विजय झाला" असं म्हटलं नाही, कारण तेही खोटंच झालं असतं. खरं बोलण्याची किंमत असते आणि ती कधी कधी लगेच द्यावी लागते.

परवा त्याच्या गाळ्यावर गेलो होतो. फोन आला. त्याच्या हेल्परने उचलला आणि म्हणाला, "नाही साहेब, अजून ओव्हनमध्ये आहे. साडेचारला फोटो टाकतो." मालकाने त्याला हे शिकवलं नव्हतं. तो तिथे उभा राहून ऐकत होता, एवढंच.

या आठवड्याचं काम: वहीच्या एका पानावर रोज धंद्यात बोललेलं प्रत्येक खोटं लिहा. छोटं, मोठं, अर्धं, सगळं. शेजारी तीन प्रश्नांची उत्तरं. ते पान कुणालाही दाखवू नका. फक्त त्या पानावर खोटं लिहू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.